हेलिकॉप्टरची एक रबरी रिंग

संरक्षण खात्याला माल देतो म्हटलं की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत दोन प्रश्न हमखास येतात. पैसे केव्हा सुटतात? आणि आत ओळख कोणाची आहे? ओळख कोणाचीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पैशांचं पुढे येईलच. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि सगळं अडतं ते तिथेच. एवढ्याशा ऑर्डरसाठी एवढं काम परवडतं कसं?

आमचा कारखाना रबराच्या मोल्डेड मालाचा. वडिलांनी सुरू केला, मी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून केमिकल करून त्यातच आले. ट्रॅक्टरचे बुश, वीज केंद्रांना लागणारी गॅस्केट, पंपांचे डायफ्राम, यावर आमचं घर चालतं. ज्या मालाबद्दल लिहिते आहे ती एक सीलिंग रिंग आहे, बांगडीपेक्षा लहान, काळी, काही ग्रॅम वजनाची. एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेत ती बसते आणि तेल गळू देत नाही. नेमकी कुठे, पार्ट नंबर कोणता, माप किती, हे लिहिणार नाही. तसं लेखी दिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. वायुसेनेच्या ज्या डेपोला ती दिली त्याचं नावही घेत नाही.

अमरावती रोडने जाणाऱ्या नागपूरकराला वायुसेना नगरचं फाटक पाठ असतं, पण आत काय चालतं ते बहुतेकांना माहीत नसतं. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथे आहे. देशभरातले बेस रिपेअर डेपो (दुरुस्तीचे) आणि इक्विपमेंट डेपो (सामानाचे) याच मुख्यालयाखाली येतात. ओझरला लढाऊ विमानं खोलून नव्याने बांधतात, चंदीगडला एमआय मालिकेतली हेलिकॉप्टर. म्हणजे विमान कुठेही उडो, ते उडण्याजोगं ठेवण्याचा कारभार आपल्या गावातून चालतो. आणि एमआय-१७ आपल्याकडे परकं नाही. गडचिरोलीत चकमक झाली की जखमी जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला आणतात, ही बातमी आपण किती वेळा वाचली आहे. भामरागडकडून रस्त्याने यायला किती वेळ लागतो हे ज्याने तो प्रवास केला आहे त्याला विचारा. ते हेलिकॉप्टर त्या दिवशी सीलअभावी जमिनीवर उभं राहिलं तर काय, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही.

वर्तमानपत्रात येते ती खरेदी वेगळी. २८ मार्च २०२५ला 'प्रचंड' नावाच्या १५६ लढाऊ हेलिकॉप्टरचा ६२,७०० कोटींचा करार झाला, तो पहिल्या पानावर आला. ती भांडवली खरेदी, तिचे नियम वेगळे, त्या पुस्तकाचं नाव डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजर. सुटे भाग मात्र महसुली खर्चातून घेतात आणि त्यांना डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल लागू होतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा २००९चं मॅन्युअल चालू होतं. आमच्यासारख्या छोट्या कारखान्याने यात उतरायचं असेल तर आधी हे मॅन्युअल वाचावं. मी वाचलं. कोणत्याही सल्लागारापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

भारताने २००८ साली ८० एमआय-१७व्ही५ घेण्याचा करार केला आणि पुढे संख्या वाढत गेली. त्याआधीचीही एमआय-१७ होतीच. हेलिकॉप्टर बनतं रशियात, कझानला. याच घराण्याच्या इंजिनांचा मोठा कारखाना युक्रेनमध्ये, झापोरिझ्झियाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन देशांत युद्ध पेटलं. रशियन बँकांवर निर्बंध आले, पैसे पाठवायची वाट अडली, माल यायची वाट तर अडलीच. त्याआधीच, ऑगस्ट २०२० मध्ये, संरक्षण मंत्रालयाने सृजन नावाचं पोर्टल सुरू केलं होतं. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंची त्यावर यादी असते आणि देशातल्या कारखान्याने 'हे मी करू शकतो' असं कळवायचं असतं. त्या यादीत रबर पार्ट्स दिसले तेव्हा मी आमच्या आवाक्यातलं काय ते वेगळं काढलं. धातूला चिकटवलेलं रबर सोडलं, कापड घातलेले डायफ्राम सोडले. साध्या सीलिंग रिंग उरल्या. साध्या म्हणजे दिसायला साध्या.

नोंदणीच्या गोष्टीत फार वेळ घालवत नाही. उद्यम प्रमाणपत्र, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, डिफेन्सचं ई-प्रोक्युअरमेंट पोर्टल, डिजिटल सही, गेल्या वर्षांचे ताळेबंद. कंटाळवाणं आहे, अवघड नाही. कारखाना बघायला दोन अधिकारी आले होते. त्यांनी प्रेस किती टनांची हे वरवर विचारलं, पण मोजमापाची साधनं कधी कॅलिब्रेट केली आणि कच्च्या मालाची पिशवी कोणत्या बॅचची हे वहीतून कसं सापडतं, यावर बराच वेळ घेतला. ड्युरोमीटरचं, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायच्या साधनाचं, प्रमाणपत्र हातात घेऊन तारीख वाचली. त्या दिवशी मला कळलं की हे लोक काय विकत घेतात.

नमुना बघायला डेपोत जावं लागलं. गेटवर मोबाइल जमा, सोबत एक जवान, आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर दोन रिंगा. एक वापरलेली, हेलिकॉप्टरमधून काढलेली, आणि एक न वापरलेली. वापरलेल्या रिंगेचं माप घेऊन उपयोग नसतो, कारण तेलात राहून रबर फुगतं किंवा आकसतं आणि दाबून दाबून चपटं होतं. न वापरलेलीलाही कॅलिपर लावला की जबडा रबरात रुततो आणि माप कमी येतं. म्हणून मी त्यांना विनंती केली की रिंग ज्या खाचेत बसते त्या धातूच्या भागाची मापं मिळाली तर बरं. खाच धातूची असल्याने ती खरं सांगते. थोडी पत्रापत्री होऊन ती मिळाली. रिंगेचं माप नंतर प्रोफाइल प्रोजेक्टरवर, म्हणजे हात न लावता सावली मोठी करून घेतलं.

खरी मेहनत कम्पाउंडची, म्हणजे रबराच्या मिश्रणाची होती. या हेलिकॉप्टरमध्ये एएमजी-१० नावाचं खनिज हायड्रॉलिक तेल असतं. खनिज तेलाला नायट्राइल रबर चालतं, इथपर्यंत पुस्तकातलं ज्ञान. नायट्राइलमध्ये ॲक्रिलोनायट्राइल या घटकाचं प्रमाण वाढवलं की तेलापुढे ते चांगलं टिकतं, पण थंडीत कडक होतं. कमी केलं की थंडीत लवचीक राहतं, पण तेलात फुगतं. आणि हेच हेलिकॉप्टर मे महिन्यात नागपूरला सोनेगाव विमानतळाच्या तापलेल्या धावपट्टीवर उभं राहतं आणि हिवाळ्यात लडाखला जातं. थंडीसाठी प्लास्टिसायझर, म्हणजे रबर मऊ ठेवणारं द्रव्य, घालावं तर तेल ते हळूहळू रबरातून ओढून घेतं. मग काही महिन्यांनी सील आकसतं आणि थंडीतला लवचीकपणाही जातो. कागदावर पहिल्या दिवशी सगळ्या चाचण्या पास, आणि वर्षाने गळती. म्हणून आम्ही तेलात मुरवून काढलेल्या तुकड्यांवर पुन्हा थंडीची चाचणी घेत होतो. ती कोणी मागितली नव्हती. पहिली दोन मिश्रणं तिथेच बाद झाली.

मिक्सिंग मिलवर आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री आहेत. नवीन पोरगा कार्बन ब्लॅक (रबरात घालायची काजळी) अंदाजाने टाकायला लागला तर ते त्याला म्हणाले, "अबे, हे ट्रॅक्टरले नाही लावाचं, हे वर जाते. काट्यावर मोज." तेव्हापासून या कामाच्या प्रत्येक घटकाचं वजन दोन जण वाचतात आणि दोघं सही करतात.

निविदा दोन लिफाफ्यांची होती, म्हणजे आधी टेक्निकल बिड उघडायची, ती पात्र ठरली तरच किंमत. टेक्निकल बिडमध्ये प्रत्येक परिच्छेदापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहायचं आणि मान्य असेल तर पुरावा जोडायचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते. शिवाय वार्षिक खरेदीतला २५ टक्के भाग अशा उद्योगांकडून घ्यायचा, त्यातही ३ टक्के महिला उद्योजकांकडून, असं सरकारचं धोरण आहे. आपली किंमत सर्वांत कमी बोलीच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि ती कमी बोली मोठ्या उद्योगाची असेल, तर त्या किमतीला यायची संधी मिळते. या सवलती खऱ्या आहेत, मी वापरल्या आहेत. पण रबरी रिंगेच्या निविदेत मोठा उद्योग येतोच कुठे? आमची चढाओढ आमच्यासारख्यांशीच असते.

किंमत उघडली, आम्ही एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचे ठरलो, आणि वाटाघाटीला बोलावणं आलं. टेबलावर पहिला कागद होता मागच्या खरेदीच्या दराचा. लास्ट पर्चेस प्राइस म्हणतात त्याला. हा दर परदेशातून एकगठ्ठा मागवलेल्या मालाचा, काही वर्षांपूर्वीचा. आमची ऑर्डर दोन अंकी नगांची. त्या नगांसाठी मोल्ड नवा करायचा. रबर तापून बाहेर आल्यावर सुमारे दोन टक्के आकसतं, तेवढी मोठी पोकळी कोरायची, तीही मायक्रॉनमध्ये सांभाळून. मिलवर मिश्रणाचा किमान एक घाणा तर घ्यावाच लागतो. रिंगांना त्यातला मूठभर जातो, बाकीचा या प्रमाणित कामात पुन्हा वापरता येत नाही. चाचण्यांसाठी जेवढ्या रिंगा नष्ट होतात त्या पुरवायच्या रिंगांपेक्षा जास्त. हे सगळं मी खर्चाच्या तक्त्यात मांडून नेलं होतं. समोरच्या अधिकाऱ्यांनी ते नीट ऐकलं, पण त्यांनाही फाइलवर दर रास्त आहे असं लिहून द्यायचं असतं आणि उद्या ऑडिट त्यांनाच विचारणार. आम्ही थोडं खाली आलो, त्यांनी मोल्डचा खर्च मान्य केला. तरी त्या ऑर्डरमध्ये नफा नव्हता. तो पुढच्या ऑर्डरमध्ये मिळेल असं धरून मी सही केली.

ऑर्डर हाती आली म्हणजे माल करायला लागायचं असं नसतं. आधी चाचण्यांचा आराखडा लिहायचा. कडकपणा, ताण, लांबी, तेलातली वाढ, उष्णतेत म्हातारं करणं, कॉम्प्रेशन सेट. यातली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रबर दोन पट्ट्यांत दाबून ओव्हनमध्ये ठेवतात, ठरलेल्या तासांनी सोडतात आणि ते किती परत येतं ते मोजतात. जे परत येत नाही तेवढी गळती. हा आराखडा मंजूर होतो, मग चाचण्या होतात, त्याही नॅशनल ॲक्रेडिटेशन बोर्डाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. लष्करी हवाई वापरातल्या वस्तूची उड्डाणयोग्यता बघणारी संस्था सेमिलॅक, बंगळुरूची, डीआरडीओची. तिची विभागीय केंद्रं आहेत. आणि प्रत्यक्ष मालाची गुणवत्ता तपासणारी संस्था डीजीएक्यूए, संरक्षण उत्पादन विभागाखालची. आमच्यासारख्या वस्तूसाठी डेपो पातळीवर लोकल टाइप सर्टिफिकेशन कमिटी बसते आणि तिच्यात या सगळ्यांची माणसं असतात.

अंतिम तपासणीला इन्स्पेक्टर साहेब आले ते भिंग घेऊनच. मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात तिथे रिंगेवर एक बारीक रेघ उमटते, तिला आम्ही फ्लॅश म्हणतो. ती कापून काढावी लागते. जास्त राहिली तर खाचेत नीट बसत नाही, जास्त कापली तर तिथे चीर पडून तेल वाट काढतं. साहेबांनी प्रत्येक रिंग उजेडाकडे धरून बोटाने फिरवली, भिंगातून रेघ पाहिली. काही रिंगा त्यांनी बाजूला काढल्या. मला त्या चालण्याजोग्या वाटत होत्या. ते म्हणाले, "मॅडम, वर गेल्यावर पायलटला गाडी बाजूला लावता येत नाही." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्या रिंगा त्यांच्यासमोरच कापून टाकल्या, चुकूनही पिशवीत जाऊ नयेत म्हणून.

मला या तपासणीबद्दल एक शब्दही तक्रारीचा काढायचा नाही. आमच्या व्यवसायातले काही जण म्हणतात की छोट्या उद्योगांसाठी नियम सैल करा. चाचणीचे नियम सैल करू नयेत, एकही. प्रत्येक रिंग वेगळ्या अपारदर्शक पिशवीत, वर बॅच क्रमांक, कोणत्या तिमाहीत शिजवली ती तारीख आणि किती काळ टिकणार ते. ती पिशवी उद्या लेहला उघडली तरी त्या रिंगेतलं रबर कोणत्या दिवशी कोणी मोजलं ते आमच्या वहीत सापडलं पाहिजे. सापडतं.

दुखणं ऑर्डरच्या पद्धतीत आहे. पुरवठ्याची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजली जात होती, पण आराखड्याची मंजुरी आणि कमिटीची बैठक आमच्या हातात नव्हती. मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज करायचा, आणि वाढ मिळायची ती दंडाचा हक्क राखून. दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. आमच्या बाबतीत पुढे कारणं मान्य झाली, पण तोवर बिलात रक्कम अडकून राहिली. बँक गॅरंटी वेगळीच. वॉरंटी संपेपर्यंत ती चालू ठेवायची आणि तेवढी मुदत ठेव बँकेत पडून. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६चा कायदा सांगतो, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. कायदा आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याकडे व्याज मागायला कोण जातो? आमचं बिल एका लेखा कार्यालयात एका कागदावरून थांबलं, तो कागद आधीच जोडलेला होता. फोन, मेल, पुन्हा प्रत, पुन्हा फोन. शेवटी सुटलं, पूर्ण सुटलं, कोणाला एक पैसा द्यावा लागला नाही. तेही लिहायला हवं, कारण लोकांचा समज उलटा असतो.

मग त्याच रिंगेची निविदा पुन्हा निघाली. आता ती 'विकसित' वस्तू झाली होती, म्हणजे निविदा खुली. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याने आमच्यापेक्षा कमी दर भरला. त्यांनाही चाचण्या द्याव्या लागणारच, पण मापं काय असावीत, कम्पाउंड कोणत्या जातीचं, काय चालतं आणि काय नाही, हा शोध आम्ही लावून झाला होता आणि तपशील कागदावर आला होता. ऑर्डर त्यांना गेली. त्यांनी काही गैर केलं नाही. पण ज्याने पहिल्यांदा पैसे घालून वस्तू उभी केली त्याला काही वर्षं ठरावीक नग मिळण्याची हमी नसेल, तर दुसऱ्यांदा तो पैसे कशाला घालेल? सृजनच्या यादीत ज्या लहानसहान वस्तूंना कोणी हात लावत नाही त्यांचं कारण मला तरी हेच दिसतं. वस्तू अवघड म्हणून त्या पडून नसतात, नग थोडे आणि उद्याची खात्री नाही म्हणून असतात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नवं मॅन्युअल लागू झालं. त्यात स्वदेशीकरणाच्या कामात विकसनाच्या टप्प्यावर विलंबाचा दंड नाही, त्यानंतरही तो आठवड्याला ०.१ टक्का. आणि विकसित केलेल्या वस्तूसाठी पाच वर्षांपर्यंत नगांची हमी देण्याची तरतूद आहे. मी ते कलम वाचून मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "हे आधी काहून नाही केलं?" आता ते प्रत्येक डेपोच्या निविदेत उतरायला हवं. तरतूद असणं आणि निविदेत छापलेली असणं यात अंतर आहे.

त्याशिवाय एक गोष्ट अशी आहे जिला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही. पुरवठादारांच्या एका बैठकीत मी ती मांडली. एकाच कम्पाउंडच्या वेगवेगळ्या मापांच्या रिंगांच्या निविदा वेगवेगळ्या वेळी निघतात. प्रत्येक वेळी नवा घाणा, नव्या चाचण्या, तेच ओव्हन, तेच तेल, त्याच सह्या. त्या एका निविदेत एकत्र केल्या तर रबराची चाचणी एकदाच होईल आणि मापं तेवढी वेगळी तपासावी लागतील. एका विंग कमांडर साहेबांनी तिथल्या तिथे विचारलं, अशा कोणत्या रिंगा तुम्हाला दिसतात, यादी देता का? पोर्टलवर उघड असलेल्या माहितीवरून मी यादी केली, कोणत्या तेलाशी संबंध येतो आणि कोणत्या तापमानात चालायला हवं त्यानुसार गट पाडले आणि पत्रासोबत पाठवली. बराच काळ उत्तर नव्हतं.

गेल्या महिन्यात निविदा निघाली. चार मापं, एकच परिशिष्ट, आणि विकसनाच्या काळात दंड नाही असं स्पष्ट छापलेलं. नगांची हमी अजून त्यात नाही, ती मी प्री-बिड, म्हणजे बोली भरण्याआधीच्या बैठकीत लेखी मागितली आहे. मोल्ड चार लागतील, पण मिक्सिंग एक, तेलाची चाचणी एक, कॉम्प्रेशन सेट एक. नगामागे दर आम्हाला पहिल्या रिंगेपेक्षा बराच खाली भरता आला आणि या वेळी त्यात थोडा नफाही धरला आहे. टेक्निकल बिड पात्र ठरली आहे, किंमत उघडायची आहे.